अंगणात कटिंगसाठी पहिली चिनी तलवार: काय बघून घ्यावी, काय टाळावं

ताई ची किंवा कुंग फूच्या क्लासला जाणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न पडतोच, की हे जे हात आपण इतकी वर्षं फिरवतोय त्यांनी खरंच काही कापलं जातं का? ते अजमावायला अंगणात पाण्याच्या बाटल्या, भिजवलेल्या चटया कापून बघतात, त्यालाच कटिंग म्हणतात. मग जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडला जातो आणि साठ डॉलरपासून दोन हजार डॉलरपर्यंतच्या तलवारी बघून डोकं गरगरायला लागतं. ड्रॅगन कोरलेल्या, सात पितळी तारे जडवलेल्या, ‘हजारो थरांच्या पोलादा’च्या. फोटो सगळ्यांचेच झकास.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. स्वस्त तलवार दगा देते ती बहुतेक वेळा मुठीच्या आत, आणि दुकानदार फोटो दाखवतो फक्त पात्याचा. त्यामुळे पहिल्या तलवारीसाठी बजेट बेताचं असेल तर नक्षी, थर, म्यान यांवर एक डॉलरही जास्त घालवू नका. मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे किमती डॉलरमध्ये दिल्या आहेत.

1. आधी कायदा

कंटाळवाणं आहे, पण पहिलं पाऊल हेच.

भारतातल्या वाचकांनो, हा छंद तिथे सरळसोट करता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांच्यानुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार ‘शस्त्र’ ठरतं (घरकाम, शेती वगैरेंची अवजारं वगळून). परदेशातून आणायलाही परवाना लागतो. कुरिअरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतातच. खंडेनवमीला पूजेत मांडलेली आजोबांची तलवार वेगळी आणि चीनहून पार्सलने आलेली धारदार दाओ (एकधारी चिनी तलवार) वेगळी. गावी जाताना चेक-इन बॅगेत घालून न्यायचा विचारही करू नका.

ब्रिटनमध्ये 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर 2008 पासून निर्बंध आहेत. पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना सवलत आहे, पण ते सिद्ध करणं तुमच्यावर. म्हणजे तिथे सरळ जिआन (दुधारी चिनी तलवार) वक्र दाओपेक्षा सोपी पडते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सूट किंवा परवानगी असल्याशिवाय तलवार बाळगताच येत नाही. अमेरिकेत घरी ठेवायला सहसा अडचण नसते, मात्र बाहेर नेण्याचे नियम राज्यागणिक, कधी शहरागणिक बदलतात. भाड्याच्या घरात असाल तर करार वाचा, सोसायटीची असोसिएशन असेल तर तिचे नियमही.

जवळ ठेवायचे कागद थोडेच: वयाचा पुरावा (बहुतेक दुकानं 18 वर्षांखालच्यांना विकत नाहीत), खरेदीची पावती, बाहेरून मागवली असेल तर कस्टम्सचे कागद, आणि जिथे लागतो तिथे परवाना.

2. जिआन की दाओ?

जिआन म्हणजे सरळ, दुधारी. दाओ म्हणजे एकधारी, बहुधा वक्र. क्लासमध्ये जिआन शिकत असाल तर मन तिकडेच ओढ घेणार. तरीही कटिंगसाठी पहिली तलवार दाओ घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण व्यावहारिक आहे. दाओचं पातं रुंद, पाठ जाड आणि किंचित बाक असल्यामुळे धार वाराच्या दिशेला थोडी तिरकी लागली तरी काप निभावून जातो. जिआन अरुंद असते. मनगट जरा वळलं की ती लक्ष्यावर आपटून बाजूला सरकते. शिवाय जिआनची दुसरी धार सतत तुमच्याकडे बघत असते. वार चुकून तलवार उसळली तर दाओची बोथट पाठ अंगावर येते, जिआनची धार येते. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दाओमध्येही प्रकार आहेत. चिंग राजवटीच्या (1644 ते 1912) सैन्यात ल्यूयेदाओ आणि यानमाओदाओ असायच्या. पहिली जवळजवळ मुठीपासूनच हलकी वाकलेली, दुसरी बराच भाग सरळ जाऊन टोकाजवळ वाकणारी. नवशिक्याला दोन्ही चालतील. सिनेमात आणि क्लासमध्ये दिसते ती टोकाला फताडी न्यूवेइदाओ. ती एकोणिसाव्या शतकातली, सैन्याच्या नियमातली नव्हे, सामान्य लोकांतली. चांगली बनवलेली असेल तर कापते मस्त, पण बाजारात याच आकाराचा कचरा सगळ्यात जास्त, म्हणून जपून. दोन हातांनी धरायची दादाओ 1933 मध्ये शीफेंगकोउच्या लढाईत चिनी 29व्या सैन्याने जपान्यांविरुद्ध वापरली म्हणून प्रसिद्ध आहे. तिची दणकट मूठ मोहात पाडते, पण ती जड असते आणि एका हाताचं तंत्र तिच्यावर शिकता येत नाही.

आणि क्लासमध्ये वापरता ती वूशूची (चिनी युद्धकलेच्या प्रदर्शनी खेळाची) पातळ, फडफडणारी तलवार? तिला धार लावून कटिंग करायचं नाही. ती फिरवण्यासाठी आणि आवाजासाठी बनवलेली असते. लक्ष्यावर आदळताच पातं लवतं, आणि लवलेलं पातं कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

3. पोलादाच्या आकड्यांना भुलू नका

दुकानाच्या पानावर 1045, 1060, 1095, 5160, 9260, टी-10, 65एमएन असे आकडे असतात. 10ने सुरू होणाऱ्यांत शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात: 1060 म्हणजे साधारण 0.60 टक्के. कार्बन वाढला की पोलाद अधिक कठीण करता येतं, पण ठिसूळपणाचा धोकाही वाढतो. 5160 मध्ये थोडं क्रोमियम आणि 9260 मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. 65एमएन हे चिनी स्प्रिंग पोलाद, त्यात मँगनीज. टी-10 मध्ये कार्बन जवळपास एक टक्का.

नवशिक्यासाठी 1060, 5160, 9260 किंवा 65एमएन यांपैकी काहीही घ्या. पण त्याहून महत्त्वाचं आहे पाणी कसं दिलंय ते, म्हणजे तापवून झटक्यात गार करून पातं कसं कडक केलंय ते. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

एकात संपूर्ण पातं सारखंच कडक करून मग स्प्रिंगसारखा टेंपर देतात (पुन्हा बेताने तापवून लवचीक करतात), कठीणपणाच्या रॉकवेल मापात साधारण 50 ते 54. असं पातं चुकीच्या वाराने वाकलं तरी परत सरळ होतं. दुसऱ्यात पाठीला मातीचा लेप देऊन पाणी देतात, त्यामुळे धार 58-60 पर्यंत कठीण आणि पाठ मऊ राहते. धारेलगत सुंदर लाट उमटते, फोटोत ती फार देखणी दिसते. पण मऊ पाठ वाकली की वाकलेलीच राहते आणि कठीण धारेचा टवका उडतो. नवशिका वाकडे वार करणार हे ठरलेलंच आहे, म्हणून पहिली तलवार स्प्रिंग टेंपरची, पूर्ण पात्याला पाणी दिलेली. लाटेची हौस दुसऱ्या तलवारीत भागवा.

घडीच्या, म्हणजे घड्या घालून थर केलेल्या, पोलादाबद्दल इतकंच, की आजच्या स्वच्छ कारखानी पोलादाला घड्या घातल्याने ताकद वाढत नाही, शोभा वाढते. 300 डॉलरमध्ये घडीचं पातं मिळत असेल तर पैसे दुसरीकडे कुठेतरी वाचवलेले असणार. कठीण पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ पोलाद ही तीन पदरी रचना मात्र अस्सल जुनी चिनी पद्धत आहे, आणि चांगल्या हातची असेल तर उत्तम. स्वस्तातली असेल तर नको.

स्टेनलेसची तलवार असेल तर पान तिथेच बंद करा. ती भिंतीवरची.

4. मुठीच्या आत काय आहे?

इथे वेळ घालवा.

पातं मुठीपाशी संपत नाही, त्याची शेपटी मुठीच्या आत जाते. तिला टँग म्हणतात. जुन्या चिनी तलवारीत ही शेपटी मुठीच्या लाकडातून आरपार जाऊन टोकाच्या गोळ्यातून बाहेर येते आणि तिथे ठोकून, पसरवून घट्ट केलेली असते. गंमत म्हणजे आपल्याकडच्या तलवारींत शेपटी आखूड असते आणि लाखेने मुठीत बसवतात, म्हणून ‘आरपार नाही म्हणजे खोटी’ असं सरसकट म्हणता येत नाही. पण चिनी पद्धतीची मूठ लाकडाची आणि लांब, तिला आरपार शेपटीच हवी.

आजच्या स्वस्त मालात तीन प्रकार सापडतात. एक: रुंद शेपटी, आरपार, टोकाला ठोकलेली. हे हवं. दोन: रुंद शेपटी, पण शेवटी आटे पाडून नट लावलेला. आटे शेपटीच्याच पोलादात पाडलेले असतील तर चालतं, उलट नट सैल झाला तर घट्ट करता येतो. तीन: पात्याची शेपटी दोन-तीन इंचांत संपते आणि पुढे बारीक सळई वेल्डिंग करून जोडलेली असते. बाहेरून दुसरा आणि तिसरा प्रकार हुबेहूब सारखे दिसतात, खरा सापळा हाच. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचं पाणी उतरतं किंवा ठिसूळपणा येतो, आणि शेकडो वारांचा हादरा नेमका तिथेच बसतो. जोड सुटला की पातं गोळीसारखं पुढे जातं.

म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याला लिहून विचारा:

- मूठ काढलेल्या अवस्थेतला, याच मॉडेलचा फोटो आहे का?
- शेपटी आणि पातं एकाच पट्टीचं आहे की वेल्डिंग आहे?
- मुठीजवळ पात्याची जाडी किती मिलिमीटर, अणीपासून दोन इंचांवर किती?
- म्यान सोडून वजन किती?
- परजेपासून (मूठ आणि पातं यांच्यामधलं हात वाचवणारं कडं) किती अंतरावर तोल जमतो?

‘फुल टँग, बॅटल रेडी’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नाही. चांगला विक्रेता आकडे देतो.

5. वजन आणि जाडी

एका हाताच्या दाओचं पातं साधारण 70 सेंटिमीटर आणि म्यानाशिवाय वजन 750 ते 1000 ग्रॅम, हा सुरक्षित पट्टा. जिआन त्याहून थोडी हलकी असली तरी चालते. तोल परजेपासून 12 ते 18 सेंटिमीटरवर असावा. तोल अणीकडे जास्त गेला की काप जोरदार होतो, पण तलवार थांबवता येत नाही, आणि अंगणात थांबवता येणंच जास्त कामाचं.

जुन्या दाओचं पातं परजेजवळ 6 ते 8 मिलिमीटर आणि अणीजवळ 2-3 मिलिमीटर असतं. ही उतरती जाडी घडवायला मेहनत लागते म्हणून कारखाने ती गाळतात आणि एकाच जाडीची पट्टी घासून तलवार करतात. अशी तलवार उचलली की पहार उचलल्याचा भास होतो. आकड्यांत मुठीजवळ 5 आणि अणीजवळ साडेचार दिसले की समजून जा.

6. किती पैसे, कुठून

टिकाऊ पहिली तलवार 200 ते 400 डॉलरमध्ये मिळते. त्याखाली नशिबाचा भाग मोठा. डालियनची हानवेई आणि अमेरिकेतली कोल्ड स्टील ही या किमतीतली जुनी नावं. ऐतिहासिक नमुन्यांवर बेतलेलं हवं असेल आणि थोडं वर जायची तयारी असेल तर एलके चेनची यादी बघा. कंपनीपेक्षा मॉडेल महत्त्वाचं: एकाच कंपनीची एक तलवार कटिंगची आणि दुसरी नुसती सरावाची असू शकते.

बाकी कित्येक तलवारी चजियांग प्रांतातल्या लोंगछ्वानहून येतात. ओउ येजी या दंतकथेतल्या लोहाराचं नाव सांगणारं हे गाव. तिथली तलवार घडवण्याची कला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथे थोर कारागीर आहेत आणि त्याच रस्त्यावर पर्यटकांसाठी चकचकीत पत्रा विकणारेही आहेत. ‘लोंगछ्वान’ हा शिक्का म्हणजे हमी नव्हे. स्वस्तातले बरेच ‘जपानी’ कताना तिथेच बनतात, हे जाता जाता.

थेट चीनहून मागवताना हिशेब नीट करा. 800 डॉलरखालच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी 2 मे 2025 पासून बंद झाली. आयात शुल्क, कुरिअरची हाताळणी धरली तर देशातल्या विक्रेत्याकडची महागडी वाटणारी तलवार पुष्कळदा तेवढ्यालाच पडते, आणि परत करता येते.

धार लावूनच मागवा. जाड, बोथट पात्याला घरी धार काढणं नवशिक्याचं काम नाही.

7. पार्सल उघडल्यावर

काहीही कापण्याआधी अर्धा तास द्या.

मूठ धरून पातं उभं ठेवा आणि तलवार धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताच्या मुठीने हलके ठोसे द्या. पात्याने गुंजल्यासारखा आवाज केला तर ठीक. ‘खटखट’ ऐकू आलं तर काहीतरी सैल आहे. परज अंगठ्याने दाबून बघा, किंचितही हलता कामा नये. मग पातं खिडकीकडे धरून एक डोळा मिटून मुठीपासून अणीपर्यंत नजर टाका: उजेडाची रेघ सरळ धावली पाहिजे, मध्येच तुटली तर पातं वळलेलं किंवा पिळलेलं आहे. धारेवर भिंगाने बघा, केसाएवढी चीर दिसली तर तलवार त्याच दिवशी परत. शेवटी मुठीवरची दोरी सोडवायची नाही, पण ती तळव्यात फिरते का ते बघा, घामाने ओल्या हातात ती आणखी फिरेल.

लाल झालर आणि फडकी असतील तर काढून ठेवा. झालर धारेत अडकते.

8. काय कापायचं

सुरुवात पाण्याच्या पातळ प्लास्टिक बाटल्यांनी. काठोकाठ भरायच्या, बूच काढायचं, आणि वार मधोमध. मान आणि बूड जाड असतं, तिथे मारू नका. नीट काप झाला तर खालचा अर्धा भाग पाण्यासकट जागेवर उभा राहतो. बाटली उडून कुंपणाला लागली तर जोर कमी पडलेला नसतो, धार तिरकी लागलेली असते. जोर वाढवणं हा नवशिक्याचा पहिला उपाय आणि तोच चुकीचा.

पुढची पायरी: वर्तमानपत्राची आठ-दहा पानं घट्ट गुंडाळून, रबर लावून रात्रभर भिजवलेली. फुकट आणि उत्तम. त्यानंतर ततामीच्या (जपानी गवती) चटया, गुंडाळून रात्रभर पाण्यात, मग तासभर निथळत उभ्या. चटईचा काप तुमची चूक दाखवून देतो: कापलेला पृष्ठभाग सपाट असेल तर मनगट स्थिर होतं, वाडग्यासारखा खोलगट असेल तर वार चालू असताना मनगट वळलं.

वाळलेला बांबू, झाडाच्या फांद्या, नारळ, ओंडका: नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

9. जागा आणि शिस्त

लागणारं साहित्य: लाकडी खांबाचा स्टँड (बूड जड, वर लाकडी खुंटी, लोखंडी खिळा अजिबात नाही), बंद बूट, संरक्षक चष्मा, कोरडं फडकं, तेल, प्रथमोपचाराची पेटी आणि घरात एक मोठं माणूस.

चारी बाजूंना पाच मीटरच्या आत कुणी नको. पुढे, म्हणजे पातं सुटलं तर जिकडे जाईल तिकडे, भिंत किंवा कुंपण हवं, शेजाऱ्यांची पोरं नकोत. मुलं आणि कुत्रा घरात, दार बंद. ओल्या गवतावर नको. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुंपणावरून तलवार दिसली की ते पोलिसांना फोन करतील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

तिरका वार खाली येताना पुढच्या पायाच्या रेषेत येतो, तेव्हा पाय कुठे आहे ते आधी बोथट तलवारीने पाहून ठेवा. क्लासमधल्या काही सवयी मुद्दाम मोडाव्या लागतात: दाओ डोक्यामागून पाठीला चिकटवून फिरवायची नाही, जिआन उलटी करून डाव्या दंडालगत धरायची नाही, आणि डाव्या हाताची दोन बोटं मनगटाशी आणायची नाहीत. धारदार पात्यासोबत हे सगळं खूप पुढचं. तलवार हातातून निसटली तर पकडायला जाऊ नका, मागे सरका.

दर दहा-बारा वारांनी थांबून परज आणि मूठ तपासा. हात दमला की तो दिवस संपला.

10. निगा

कार्बन पोलाद पाण्याने तासाभरातही डागतं, आणि बाटल्या कापताना तर ते पाण्यातच असतं. प्रत्येक फेरीनंतर पाठीकडून, धारेपासून बोटं लांब ठेवून पुसायचं. शेवटी पूर्ण कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. खोबरेल लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. म्यानात घालण्याआधी पातं कोरडंठाक हवं, कारण लाकडाने एकदा ओल धरली की ती आतून गंज चढवत राहते. कातडी म्यानात महिनोन्महिने ठेवू नका. आडवी, कुलूपबंद, मुलांच्या हाताबाहेर.

छोटे डाग बारीक पॉलिश पेपरला तेल लावून पात्याच्या लांबीच्या दिशेने घासले की जातात. धार उतरली तर धार लावणाऱ्या जाणकाराकडे द्या, ग्राइंडरवर धरू नका, उष्णतेने पाणी उतरतं. आणि मूठ हलायला लागली तर मध्ये कागदाची पाचर मारून ‘आजच्यापुरतं’ चालवायचं नाही. नट असेल तर घट्ट करा, ठोकलेली असेल तर परत ठोकून घ्या, आतली सळई वेल्डिंगची निघाली तर ती तलवार भिंतीवर टांगा आणि नवीन घ्या.